धरमपेठेतून निघालेला कूलर

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. मित्रांनो, गांधीबागेजवळच्या एका लहानशा कारखान्यात माझे पत्रे ठोकले गेले. त्याच उन्हाळ्यात लहानूने मला सायकलरिक्षात घालून धरमपेठेत आणले. एका घराच्या मागच्या अंगाला त्याची भाड्याची खोली होती. तिथे तो, बायको जया आणि तान्ही उत्तरा राहत.

लहानू सीताबर्डीला कपड्याच्या दुकानात कामाला होता. जया जवळच्याच चार घरी स्वयंपाक करी. दोघेही पायी कामावर जात. दुपारी जया घरी आली की आधी माझी टाकी भरी. उत्तरा माझ्या झोतासमोर पालथी पडून गिरवायला शिकली. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांतही मी ती खोली गार ठेवली. लहानू पाहुण्यांना कौतुकाने मला दाखवी, तेव्हा माझा पंखा जास्तच जोरात फिरतो आहे असे मला वाटे.

असे बारा उन्हाळे गेले. मग तिथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला आणि मालकाने घर बिल्डरला विकले. लहानूने आसपासच्या साऱ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एका खोलीचे भाडे त्याच्या अख्ख्या पगाराएवढे सांगत. शेवटी शहराबाहेर, रिंग रोडच्याही पलीकडे, नुसते प्लॉट पाडलेल्या एका ओसाड लेआउटमध्ये खोली परवडली. निघताना मालक म्हणाले, हल्ली लोक मोकळ्या हवेसाठी बाहेरच राहणे पसंत करतात. पसंत! त्या शब्दाने माझा पत्रा आजही तापतो.

तिथे नळ नव्हता. टँकर दिवसाआड येई. माणसांच्या घशालाच पाणी पुरेना, मग मला कोण पाजणार? मी कोरडा फिरत गरम हवा फेकत राहिलो. जया आणि उत्तरा पहाटेच दोन बस बदलून धरमपेठेत जात, एक कामाला, दुसरी शाळेला.

दोन वर्षांनी मे महिन्यात, शाळेत दहावीचे उन्हाळी वर्ग चालू असताना, एके दुपारी जयाने उत्तराला अक्षरशः खांद्यावर घालून आणले. बसची वाट पाहता पाहता पोर उन्हाने कोसळली होती. घरात पिण्याच्या पाण्याच्या दोनच बादल्या होत्या. एका बादलीत ओढणी बुडवून जयाने तिचे अंग पुसले. दुसरी तिने माझ्या टाकीत ओतली. मी जीव तोडून फिरलो. संध्याकाळी पोरीने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. जुन्या जागेवरच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेल्या बाई होत्या. त्यांच्याकडेही जया स्वयंपाक करी; ती सकाळी न आल्याने त्या रागावल्या होत्या.

"इतक्या लांब राहतेस कशाला? जवळच का नाही राहत?"

जयाने उत्तराकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, "जवळच राहत होती मी, मॅडम. आता जिथं तुमचं किचन आहे ना, तिथंच माही खोली होती."

तिने धरमपेठेतली सगळीच कामे सोडली. आता ती लेआउटजवळच्या एका खानावळीत पोळ्या लाटते, कमी पगारावर. एकटीने इतक्या लांब जाणे न जमल्याने उत्तराची जुनी शाळा मात्र सुटली; नव्या शाळेत ती मन मारून जाते.

मित्रांनो, उन्हाळा सरला की कूलरची टाकी कोरडी करा, पत्र्याला रंग द्या, तो वर्षानुवर्षे टिकेल. पण ज्यांच्या हातचे रोज जेवता, त्यांना शहराबाहेर ढकलून वर 'लांब का राहता' असे विचारू नका.