लस एकीला, सुई दुसरीला

त्या दवाखान्याच्या तळमजल्यावर मळक्या कपड्यांची खोली होती. वरच्या वॉर्डांतल्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे गाठोडी बांधून तिथं यायचे आणि बायका ते हातांनी सोडवून वेगळे करायच्या. रक्ताचं इकडे, साधं तिकडे. वर गुळगुळीत फरशा होत्या, भिंतींवर फुलांची चित्रं होती. खाली एकच पंखा होता आणि त्याचं तोंड मुकादमाच्या खुर्चीकडे असायचं.

त्या सकाळी धाकटी नेहमीसारखी आली. गेटवर कार्ड दाखवून आत शिरली आणि मास्क चढवून कामाला लागली. कार्डावरचा फोटो तिच्या थोरल्या जावेचा होता.

"काय गं, आज कंबर कशी आहे तुझी?" शेजारच्या बाईनं डोळा मिचकावत विचारलं.

"कंबर घरी आडवी पडलीय. मी नुसते हात घेऊन आलेय," धाकटी म्हणाली आणि खोलीत हशा पिकला.

हसण्यासारखंच होतं ते, कारण सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. थोरलीचा नवरा याच दवाखान्यात कामाला होता. तो गेल्यावर ती त्याच्या जागेवर लागली. एकदा वर वॉर्डात मदतीला बोलावलं, तेव्हा एका जडशीळ रुग्णाला एकटीनं उचलताना तिच्या कंबरेत उसण भरली ती भरलीच. रजा मागायला गेली, तर मुकादमानंच तोड काढली. "रजा घेशील तर नोकरी जाईल. घरातल्या कुणाला तरी पाठव. मास्क लावला की सगळ्या सारख्याच दिसतात." याला तिथं 'कार्ड चालवणं' म्हणत. कुणी आईचं कार्ड चालवत होती, कुणी बहिणीचं. बायकांना वाटायचं, मुकादम भला माणूस आहे, सांभाळून घेतो. मला विचाराल तर मालकाला याहून सोयीची व्यवस्था दुसरी नव्हती. जी बाई कागदावर नाहीच, ती रजा मागत नाही, औषध मागत नाही आणि तक्रार तर नाहीच नाही.

वॉर्डात वापरलेल्या सुया टाकायला जाड डबे होते. डबा भरला की नवा मिळायला नाकी नऊ येत, कारण वरचे साहेब खर्चाचा हिशेब विचारत. म्हणून भरलेल्या डब्यावरच सुया ठेवल्या जात, त्या घरंगळत आणि चादरीत गुंडाळून खाली येत. त्यात हातमोजे असे पातळ, की नखानंही फाटावेत.

धाकटीनं गाठोडं उकललं आणि झटकन हात मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब होता.

ती मुकादमाकडे गेली. त्यानं बोट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, नोंद करायची तर रक्त तपासतात. रक्त तपासायचं तर कार्ड बघतात. मग तुझ्या जावेची नोकरी गेलीच म्हणून समज. मुंगी चावल्यासारखं आहे ते. साबणानं धू आणि जा."

तिनं साबणानं धुतलं.

संध्याकाळी तिनं थोरलीला बोट दाखवलं. दोघी जावा, पण बहिणींसारख्या राहणाऱ्या. थोरलीनं बोट हातात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं. तिच्या काळजात चर्र झालं होतं, हे खरं. पण तिनं जे म्हटलं तेही खरं.

"कुणाला बोलली नाहीस ना?"

"मुकादमाला सांगितलं."

"त्याचं ठीक आहे गं. बाकी कुणाला सांगू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"नाही सांगत, ताई," धाकटी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

काही आठवड्यांनी धाकटीचे डोळे पिवळे दिसू लागले. तिला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं आणि शेवटी सुईची गोष्ट निघाली.

"तिकडे कामाला आहे ना ही? मग हिला काविळीची लस कशी नाही दिली? आणि टोचल्याबरोबर कशी नाही आणली? तेव्हा आणली असती तर बहुतेक वाचली असती."

थोरली भिंतीला टेकली. लस दिली होती. नोकरीला लागताना, अगदी नियमाप्रमाणे दिली होती. पण ती थोरलीच्या दंडात होती.

धाकटी गेली. मागे रंगारीकाम करणारा नवरा राहिला, शिकणारी एक मुलगी राहिली, सासूबाई राहिल्या आणि ते कार्ड राहिलं.

थोरली दवाखान्याच्या व्यवस्थापकांकडे गेली. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"आमच्या नोंदीप्रमाणे आमची कर्मचारी माझ्यासमोर बसली आहे, ठणठणीत आहे. मग मेलं कोण?" ते हळुवारपणे म्हणाले. "तुमच्या घरच्या कुणाचा मृत्यू झाला, त्याचं मला दुःख आहे. पण तुमच्या जागी दुसरं कुणी येत होतं असं म्हणत असाल, तर ती फसवणूक झाली, बाई. फसवणूक तुम्ही केलीत. बोलण्यापूर्वी विचार करा."

विचार काय करायचा? इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसावं तर धाकटीचा जीव फुकट गेला. बोलावं तर घरातला एकमेव बांधलेला पगार जातो आणि वर चोर ठरायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. थोरली तशीच परत आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सुन्न घरात ती दिवसच्या दिवस अशी पडून राही. कंबर दुखते, असं सांगे. दुखत होती दुसरीच जागा.

मग एका दुपारी मुकादम घरी आला. सांत्वनाचे दोन शब्द बोलला, कपातला चहा संपवला आणि मुद्द्यावर आला.

"कार्ड किती दिवस बंद ठेवणार? वरून विचारणा होतेय. थोरलीला तर उभंही राहवत नाही." त्यानं कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीकडे पाहिलं. "पोरगी उंचपुरी झालीय. आईसारखीच दिसते. पाठवा, मी आहे ना सांभाळायला."

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "तेवढंच घर चालेल. काय रे?"

रंगारी आपल्या नखांतला वाळलेला रंग खरवडत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

मुलीनं पुस्तक मिटलं. "मी जाते, मोठी आई," ती थोरलीला म्हणाली आणि मुकादमाकडे वळली. "कधीपासून यायचं?"

थोरली भिंतीचा आधार घेत उठली. या पोरीचा स्वर तिच्या आईचाच होता; तसाच समजूतदार, तसाच कुणाला अडचण नको म्हणणारा. त्या समजूतदारपणानंच एक बाई मारली होती.

"ही जाणार नाही," थोरली म्हणाली.

"अगं, पण..." सासूबाई बोलू लागल्या.

"आई, एकीला मी माझ्या कार्डावर पाठवली. तिला गप्पही मीच बसवली. दुसरी पाठवायची नाही." मग ती मुकादमाकडे वळली. "आणि तुम्ही उठा. चहा झालाय तुमचा."

मुकादम जाताना दारातून म्हणाला, "पस्तावशील." थोरलीनं दार लावून घेतलं.

तिनं कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. चौकशीच्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला व्यवस्थापक, त्यांचे वकील आणि मुकादम बसले. दुसऱ्या बाजूला थोरली एकटी. खोलीतल्या बायकांनाही बोलावलं होतं. त्या एकीमागून एक आत आल्या आणि जमिनीकडे बघत सांगून गेल्या: आम्ही हिच्या जावेला कधी पाहिलं नाही. मी त्यांना दोष देणार नाही. प्रत्येकीचा हात त्याच दगडाखाली होता.

वकील उठले. "बाई, तुम्ही कामावर नव्हता आणि पगार मात्र घेत होता. कबूल?"

"कबूल."

"म्हणजे खोटेपणा केलात."

"केला. सुई टोचली तेव्हा तिला गप्प राहायला यांनी सांगितलं." तिनं मुकादमाकडे बोट केलं. "आणि घरी मी सांगितलं. त्याची शिक्षा मला द्या, नोकरी घ्या, काय करायचं ते करा. पण साहेब, चादर कुणाची होती? सुई कुणाची होती? डबा भरलेला होता, तो कुणी बदलला नाही? लस माझ्या दंडात आणि सुई तिच्या बोटात, हे यांना रोज दिसत होतं. महिन्यांमागून महिने ती यांच्या गेटातून आत जात होती. काम करताना ती यांची होती, मेली तेव्हा एकदम आमच्या घरची झाली?"

व्यवस्थापकांनी टेबलावरचा पेला सरळ केला. अधिकाऱ्यांनी तिचा शब्दन् शब्द लिहून घेतला आणि मुकादमाला बसून राहायला सांगितलं; त्याला पुष्कळ विचारायचं होतं.

निकाल त्या दिवशी लागला नाही. थोरलीचं कार्ड मात्र गेटवर काढून घेतलं गेलं. रस्त्यात भेटलेल्या दोघींनी तोंड फिरवलं. तिसरी म्हणाली, "तुझी नोकरी गेली ती गेली, आता आमची पण घालव."

घरी सासूबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. "आता खायचं काय, ते सांग."

"ते मला ठाऊक नाही, आई," थोरली म्हणाली. खोटा धीर द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. रंगारी उठला आणि कितीतरी दिवसांनी ब्रश भिजत घालून काम शोधायला बाहेर पडला. कोपऱ्यात मुलगी मोठ्यानं वाचू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात कपड्यांच्या खोलीत धाकटीच्या शेजारी काम करणारी ती बाई होती, चौकशीत सर्वांत आधी खोटं बोललेली. ती आत येईना. एका हाताची मूठ तिनं दुसऱ्या हातात गच्च धरली होती.

"मी माझ्या आईचं कार्ड चालवते," ती म्हणाली, जणू थोरलीला ते ठाऊकच नव्हतं. मग तिनं मूठ उघडली. बोटावर रक्त होतं. "मघाशीच टोचली. मुकादम म्हणाला, साबणानं धू. मी तशीच निघून आले. मला लहान पोरं आहेत गं. कुणाला सांगू?"

थोरलीनं कंबरेवर हात ठेवला आणि चपला पायांत सरकवल्या.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या दवाखान्यात. जिथं टोचली तिथंच सांगायचं, आणि मोठ्यानं सांगायचं," थोरली म्हणाली आणि तिचा तो हात धरून भर उन्हात रस्त्याला लागली.