निळ्याची चाल अर्ध्यावर तुटली तेव्हा

मी एक जुनी गिंब्री आहे. मित्रांनो, नाव ऐकून गोंधळू नका. अक्रोडाच्या खोडात कोरलेले पोट, त्यावर उंटाच्या मानेचे कातडे, बकरीच्या आतड्याच्या तीन तारा आणि दांड्याच्या टोकाला खुळखुळणारी लोखंडी कडी, एवढाच माझा संसार. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण गेल्या वर्षी एका शहाण्याने माझ्याविषयी लिहिले, ‘बेस गिटारचा आवाज गंजलेल्या पत्र्यासारखा आहे.’ गिटार म्हणे! मी त्याच्या आजीच्या वयाची आहे.

माझा जन्म समुद्रकाठच्या एसाविरा गावातल्या सुतारआळीत झाला. मला घडवले ते मालेम महजूबच्या वडिलांनी. आम्हा गनावा लोकांत, म्हणजे चाली वाजवून माणसे बरी करणाऱ्यांत, उस्तादाला मालेम म्हणतात. महजूब माझ्यासमोर रांगला, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. मला हातात घेण्याआधी तो लोबानाचा धूर देई आणि मगच चाल धरी. आमची प्रत्येक चाल एकेका अदृश्य पाहुण्याची असते आणि त्याचा रंग ठरलेला असतो. ज्याला जी चाल लागते, तो ती ऐकून डोलू लागतो, त्याचे भान हरपते, आणि चाल संपली की तो हलका होऊन उठतो. म्हणून आमचा एक नियम आहे. धरलेली चाल पुरी करायची, मग वरून छप्पर कोसळले तरी बेहत्तर.

माझी उमेदीची वर्षे मानात गेली. लोक माझ्या दांड्याचे चुंबन घेत. पुढे महजूबची बोटे संधिवाताने वाकडी झाली आणि मी खुंटीवर गेले. गिंब्री बापाकडून मुलाकडे जाते. महजूबला मुलगा नव्हता. मुलगी होती, शामा. ती दाराआडून ऐकून ऐकून सगळ्या चाली शिकली होती आणि हे त्याला ठाऊक होते, पण त्याने कधी तसे दाखवले नाही. तेवढ्यात एका हॉटेलवाल्याने मला मागणी घातली. त्याला मी दिवाणखान्याच्या भिंतीवर, होकायंत्र आणि मासेमारीच्या जाळ्याच्या मधोमध हवी होते. महजूबने त्याला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ते ऐकून माझ्या कातड्याला घाम फुटला.

शामा तेव्हा कॅसाब्लांकात एका मेटल बँडमध्ये होती. बँडचे नाव ‘शर्गी’, म्हणजे वाळवंटातून येणारा तापलेला वारा. त्यांना नवा अल्बम करायचा होता आणि शामाला त्यात मी हवी होते. महजूबने मला दिले, पण बजावले, “धूर दिल्याशिवाय निळ्याची चाल धरायची नाही.”

निळा म्हणजे समुद्राचा पाहुणा. त्याची चाल सर्वांत खोल.

स्टुडिओत धूर करायला सक्त मनाई होती. छतावरचा भोंगा लगेच बोंबलतो म्हणे. शामाने तोडगा काढला. चाल अर्धीच वाजवायची. अर्धी वाजवली म्हणजे बोलावणे झालेच नाही, असा तिचा हिशेब होता. माझ्या पोटाला मायक्रोफोन चिकटवला, माझा आवाज विजेच्या तारांमधून नेऊन खरवडला, आणि चाल ऐन भरात आली असताना शामाने हात उचलला. क्षणभर सारे शांत झाले आणि मग ढोल आणि गिटारी अंगावर कोसळल्या. खरे सांगते, त्या खरवडीत मला मजा आली. पण चाल अर्धीच राहिली होती.

अल्बम बाहेर आला आणि माझे बारसे नव्याने झाले. फ्रेंच वर्तमानपत्रातल्या बर्रादा नावाच्या समीक्षकाने त्या शांततेवर अर्धे पान लिहिले. ‘देशाच्या संगीतातला सर्वांत धाडसी तुटलेपणा,’ असे त्याचे शब्द होते. दुसऱ्याला त्यात राजकारण दिसले. तिसऱ्याने कळवले की गाणे मध्येच अडकते, फाइल बिघडली आहे, कृपया पुन्हा चढवा. एका दाढीवाल्या सद्गृहस्थाने फोनवर व्हिडिओ काढून ही सैतानाची पोरे असल्याचे जाहीर केले आणि आमच्या ढोलवाल्या ऐमनच्या आईने पोराचे केस कापावेत असे सुचवले. आंधळे आणि हत्ती, दुसरे काय!

शामा ती सगळी मते आणि मला घेऊन घरी आली. तिला एकच मत हवे होते. महजूबने गाणे ऐकलेच नव्हते.

“बा, एकदा ऐका तरी.”

“चहा गार होतोय तुझा.”

“हॉटेलवाल्याला काय कळवलंत?”

“तू काय वाजवलंस ते आधी कळू दे. मग बघू.”

ते त्याला कळायला दुपार उजाडावी लागली. खालच्या चौकात बुश्ताचे चहाचे दुकान आहे. आपल्या गावची पोर म्हणून त्याने भोंग्यावर अल्बम लावला. तेव्हाच म्हातारी लल्ला मबारका सार्डिन मासे घेऊन चालली होती. निळ्याची चाल हिला तरुणपणापासून लागते. माझे सूर कानी पडले आणि तिची टोपली खाली आली. डोळे मिटून ती डोलू लागली. मग माझा आवाज तुटला. म्हातारी जिथल्या तिथे ताठरली. दातखीळ बसली, हात हवेत राहिला आणि ढोल-गिटारींच्या कल्लोळात ती थरथर कापू लागली.

बुश्ता घाबरला आणि त्याने गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले. चाल पुन्हा त्याच जागी तुटली आणि म्हातारी जमिनीवर पडली.

“बंद कर ते, मेल्या!” शेजारची एक कोळीण ओरडली. “मारतोस का तिला? मालेमला बोलवा.”

“डॉक्टरला बोलवू,” कुणीतरी म्हणाले.

“बोलव की. तो काय वाजवणार?”

महजूब मला बगलेत मारून जिना उतरला. मागे शामा निखाऱ्यांचे भांडे घेऊन धावत होती. वाटेत लोकांनी त्याला सारे सांगितले. त्याने म्हातारीजवळ मांडी घातली, मला धूर दिला आणि तारेवर बोट टेकवले. बोट वळेना. त्याने पुन्हा जोर लावला. नुसता खरखर आवाज आला. महजूबच्या कपाळावरचा घाम माझ्या कातड्यावर पडला. मित्रांनो, इतकी असहाय मी कधीच नव्हते.

त्याने मला शामाच्या मांडीवर ठेवले.

“घे.”

“बा, मी? सगळ्यांसमोर? लोक काय—”

“लोकांचं राहू दे. अर्धं तू सोडलंयस, पोरी. कुणाच्या दारावर थाप मारून पळून जातात का? दार उघडून तो निळा उभा आहे अजून.”

“मला वाटलं, अर्ध्यानं बोलावणं होत नाही.”

“ते नंतर. वाजव.”

चौक भरला होता. कुणी फोन उंचावले होते, कुणी पुटपुटत होते की बाईच्या मांडीवर गिंब्री शोभत नाही. शामाने चाल धरली. महजूब टाळीने ठेका देऊ लागला. म्हातारीचा हात हलला, मान डोलू लागली. चाल वर चढत गेली आणि आम्ही त्याच जागी येऊन पोहोचलो. अल्बमसाठी ती जागा तिने इतक्यांदा तोडली होती की तिचा हात आपसूक उचलला जाऊ लागला. मला ते कळले. मी गिंब्री, मी काय करणार? म्हातारीचा श्वास अडकला.

“पुढे,” महजूब हळूच म्हणाला.

शामाचा हात खाली आला. आणि आम्ही पुढे गेलो. मीही मग हात आखडता घेतला नाही. माझ्या पोटात होते नव्हते ते सगळे मी त्या पोरीला दिले. चाल उतरत उतरत संपली तेव्हा लल्ला मबारका उठून बसली. तिने ओढणी सारखी केली आणि विचारले,

“माझे मासे कुठायत?”

मासे मांजरांनी केव्हाच फस्त केले होते. बुश्ताने तिला दुसरे आणून दिले.

घरी आल्यावर महजूबने आपणहून अख्खा अल्बम ऐकला. शामा नखे खात बसली होती.

“ढोलवाला चांगला आहे,” तो म्हणाला. “गिटारवाल्याला सांग, मधे श्वास घेत जा.”

“आणि माझं?”

“तुझं पुरं झालं की सांगेन.”

शर्गीने ते गाणे पुन्हा मुद्रित केले. या वेळी अंगणात, धूर देऊन, चाल पुरी वाजवून. बर्रादाने लिहिले की बँडने धाडस गमावले, गाणे लांबले, शेवट सपक झाला. शामाने ते वडिलांना वाचून दाखवले. तिला रडू येत होते. महजूब माझ्या तारा बदलत होता.

“त्याचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “शेवट सपकच असतो. माणूस उठतो, ओढणी सारखी करतो आणि मासे विचारतो.” त्याने मला तिच्याकडे दिले. “हॉटेलवाल्याला सांग, भिंतीसाठी दुसरं काहीतरी शोध. हिची मालकीण आता घरातच आहे.”

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे वाद्य खुंटीवर असेल. त्याच्यावरची धूळ झटकलीत म्हणजे काळजी घेतलीत असे समजू नका. त्याला खाली घ्या, आणि ज्याची बोटे त्याच्यासाठी तळमळत आहेत, त्याच्या मांडीवर द्या. मग ती मांडी मुलाची असो की मुलीची.