दुधातलं औषध

सोनबाला गोळीचं काम नीट समजलं, हीच पंचाईत झाली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मन लावून सांगितलं होतं. त्याच्या लेकीच्या, ऋतिकाच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, त्यांना वाढायला खाणं लागतं. ही गोळी त्या खाण्यासारखीच दिसते. पेशी फसते, गोळी आत घेते आणि अडकते. एकीच्या दोन होत नाहीत. चांगल्या पेशींनाही थोडा त्रास होतो, पण त्या सावरतात. पोर बरी दिसली तरी लपलेल्या पेशींसाठी दोन वर्षं गोळ्या थांबवायच्या नाहीत.

जन्मभर मेंढरं राखलेल्या माणसाला खोटा चारा म्हणजे पाप वाटलं. बायको बानूबाई आळेफाट्याच्या हॉटेलात भाकऱ्या थापायला जायची, म्हणून गोळ्या सोनबाच्या हाती. पोरीच्या तोंडात फोड आले, घास उतरेना, तेव्हा त्याचा जीव तुटला. त्यानं गोळ्या मेंढरांच्या वाड्यामागं पुरल्या आणि शेळीच्या दुधाचा पेला तिच्यापुढं धरला. औषध आता दुधातच असतं, म्हणाला. बापावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

पोरीनं बाळसं धरलं. ओतूरच्या बाजारात भेटतील ते पावणे म्हणाले, सोनबानं पोर मरणातून ओढून आणली. त्यानंही ते कौतुक खुशाल पदरात पाडून घेतलं. ज्यांनी कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती, त्यांचंच त्याला खरं वाटलं.

दिवाळी सरता सरता ताप आला, अंगावर निळे डाग उठले. रोग परतला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? उत्तर ऋतिकानंच दिलं.

“एकदाबी नाय. आबा रोज दुधातून द्यायचे.”

बाई गंभीर झाल्या. म्हणजे हा रोग आता या औषधाला दाद देत नाही, ते बंदच करावं लागेल, म्हणाल्या. सोनबानं गप्प राहायचं ठरवलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. पण मग पोरीच्या हातचं एक चालणारं औषध कायमचं गेलं असतं.

“गोळ्या मी दिल्याच नाय,” तो म्हणाला. “नुसतं दूध व्हतं.”

बानूबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“बाईंनी रोगाला फसवायला सांगितलं व्हतं. तुमी पोरीला फसवलं.”

जड औषधं तरीही सुरू करावी लागली. गोळ्यांची वाट तेवढी पुढं उघडी राहिली. सोनबा रोज खाटेशी बसून असतो. ऋतिका त्याच्यावर रागावत नाही. त्यानं पाणी दिलं तर पेला घेते, आधी आईला दाखवते, मग पिते.