उतरलेली शिडं

“शिडं उतरवा,” म्हातारी म्हणाली आणि खुर्ची ओढून चिताऱ्याच्या पाठीशीच बसली.

चिताऱ्याचा कुंचला हवेतच थबकला. या बंदरात प्रत्येक खलाशाच्या घरी, दारासमोरच्या भिंतीवर गलबताचं चित्र असायचंच. शिडं फुगलेली, म्हणजे माणूस परत येणार. शिडं उतरलेली, म्हणजे संपलं. कुणी गेल्याचं तोंडाने बोलायचं नाही, चिताऱ्याला बोलवायचं.

“खात्री आहे ना, आजी?”

“पोटचा पोरगा आहे माझा. उगीच सांगेन?”

धडधडीत खोटं! पोरगा चांगला ठणठणीत होता. पलीकडच्या बंदरात दुसरा संसार थाटून बसला होता मेला. परवाच एका खलाशाने ते तिच्या कानावर घातलं. सुनेला कळलं असतं तर ती क्षणभर थांबली नसती. मग म्हातारीचे गुडघे कोण चोळणार, रात्री हाकेला ओ कोण देणार? विधवा झाली तर जाते कुठे? दोघी मिळून रडू, दोघी मिळून राहू, असं म्हातारीने मनाशी पक्कं केलं होतं.

सून पाण्याची बादली घेऊन आत आली आणि चित्रातली उतरलेली शिडं पाहून जागीच खिळली. रोज सकाळी ती ते चित्र फडक्याने पुसायची. बादली खाली ठेवून ती भिंतीला टेकली आणि ओंजळीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. म्हातारीला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

मग सुनेने तोंड धुतलं आणि आतून आपली पेटी आणली.

“हे काय गं?”

“जाताना शब्द घेतला होता त्यांनी. मी येईपर्यंत आईला सोडू नकोस म्हणाले होते.” तिने पेटीची कडी लावली. “आता कुणाची वाट बघू? येते, आई. जपा स्वतःला.”

पोरगा जिवंत आहे म्हणावं, तर कुठे आहे तेही सांगावं लागणार. सून उंबरठा ओलांडून गेली.

“अहो, चढवा ती शिडं परत,” म्हातारी पुटपुटली. “चुकलं माझं.”

“उतरलेलं शीड आम्ही चढवत नाही, आजी.” चितारी कुंचला धुऊ लागला. “आणि आता लोकांनी पाहिलंय.”

दारात शेजारणी जमल्या होत्या. एकीने आत येऊन तिला पोटाशी धरलं.

“रडा, काकू. मन मोकळं करा.”

तिच्या खांद्यावरून म्हातारीने रस्त्याकडे पाहिलं. सून वळणापाशी पोचली होती. म्हातारीला खरोखरच रडू फुटलं.