समुद्र विझवणाऱ्या अकरा ओळी

“हिला ना, मधलं म्हणजे काय तेच कळत नाही. आज पुन्हा समुद्र विझवून आली,” बेव्ह पुटपुटली आणि सॉसेज रोलचा तेलकट हात तिने कीबोर्डलाच पुसला.

‘ही’ म्हणजे मी. मित्रांनो, मी संगणकावरच्या एका खेळातली जुनी, अकरा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम आहे. नकाशावर विखुरलेल्या आगीच्या बंबांचा मध्य शोधणं, एवढंच माझं काम. वणवा लागला की पाण्याचं हेलिकॉप्टर मी सांगेन तिथे जातं आणि पाणी ओततं.

मला मर्वने लिहिलं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या बर्नी गावचा हा निवृत्त पोस्टमन वाचनालयातलं एक पुस्तक आणून स्वयंपाकघराच्या टेबलावर शिकला. किटली कुठे ठेवली म्हणजे चौघांचाही हात पोचेल, हे त्याची बायको ग्लेनिस नुसत्या नजरेने ओळखायची. मर्वला ते मोजून हवं होतं. प्रत्येक बंब पूर्वेला किती, उत्तरेला किती, त्याची बेरीज करायची आणि चाराने भागायचं. चौघे दोस्त आपापल्या संगणकावरून एकेक बंब चालवायचे आणि बंबांना त्यांचीच नावं होती : मर्व, बेव्ह, डॅरल, कॉलिन. माझ्या डोक्यावर त्याने एक सूचना लिहून ठेवली, ‘कुणालाही वगळू नये.’ तीन वर्षं पाण्याचा एक थेंब वाया गेला नाही. तेव्हा डॅरलसुद्धा मला सोनं म्हणायचा.

तिकडच्या जुलैतल्या थंडीत मर्व गेला. त्याचा संगणक बंद झाला, त्याचा बंब नकाशावरून नाहीसा झाला. यादीत नाव मात्र राहिलं. जो नकाशावर नाही त्याची जागा हा खेळ शून्य सांगतो, म्हणजे नकाशाचा खालचा कोपरा. तिघे पूर्वेला आठ किलोमीटरवर आगीशी झुंजतायत आणि चौथा शून्यावर. चोविसाला चाराने भागा. सहा. सहावर समुद्र आहे.

माझी बेरीज बरोबर होती. पण या तिघांनी जे केलं त्याची मला अजून किळस येते. डॅरलने माझ्याखाली लिहिलं, ‘दोन मिळवा.’ मग बंब बारावर गेले, माझं उत्तर नऊ आलं, दोन मिळवून अकरा, आणि पाणी पुन्हा भलतीकडे. कॉलिनने लिहिलं, ‘बारा असेल तर तीन मिळवा.’ बेव्हने त्यावर आणखी काहीतरी लिंपलं. अकरा ओळींच्या सत्तेचाळीस झाल्या. न धुतलेल्या मोज्यांवर दुसरे मोजे चढवावेत, तशी मी आतून कुबट झाले. आणि मर्वचा विषय निघाला की म्हणायचे, तो सध्या खेळाला जोडलेला नाही. जणू मासे धरायला गेलाय.

त्या शनिवारी दुपारी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची प्रमुख वाचनालयात खेळातला हा नकाशा बघायला येणार होती. पसंत पडला तर नवे जवान त्यावर शिकणार होते. मर्वने तो त्यासाठीच रचला होता. म्हणून सकाळच्या तालमीला ग्लेनिस लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन आली. तिच्यादेखत हेलिकॉप्टर समुद्रावर गेलं.

डॅरल म्हणाला, ही स्क्रिप्ट म्हातारी झालीय, अख्खी पुसून टाकू, हेलिकॉप्टर हाताने उडवू. कॉलिनने मान डोलावली. मर्वची एकुलती एक करामत मी, आणि मला पुसायला यांना धीर होता.

मित्रांनो, उत्तर चुकलं की उत्तराला ठिगळ लावू नका. मोजायला काय दिलंत, ते आधी बघा.

ग्लेनिसने डबा खाली ठेवला. “किती जणांना मोजतेय ती?”

“चार,” डॅरल म्हणाला.

“बंब तर तीनच दिसतायत. चौथा कोण?”

बेव्ह लॅमिंग्टनवरचा खोबऱ्याचा कीस टिपत बसली. शेवटी कॉलिनने पडद्यावर माझ्या डोक्यावरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. “त्यानेच लिहिलंय ना, ग्लेनिस. कुणालाही वगळू नये.”

“जिवंत होता तेव्हा लिहिलंय,” ती म्हणाली. “मर्व मेलाय, डॅरल. यादीतून काढ त्याला.”