खिडकीला बांधलेली चिंधी

मी एक चिंधी. रंग पुसायची. नाक मुरडू नका, तुमच्या भिंतीवर टांगलेल्या त्या धुक्याच्या रानाच्या चित्रात निम्मं काम माझं आहे.

जन्माने मी चादर. एका चित्रकाराच्या आईची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा माझ्यावरच निजायची. वीस वर्षं धुऊन धुऊन मी इतकी मऊ झाले होते, की पाण्याचा थेंब टेकला की पिऊन टाकायची. तेच मला नडलं. एका सकाळी लेकाने मला आईच्या अंगाखालून ओढलं आणि टराटरा फाडलं.

"अरे, मी निजू कशावर?"

"गादी आहे की. जुन्या सुतासारखा रंग दुसरं काही टिपत नाही, आई."

त्याची रीत सांगते. आधी कागद भिजवायचा. त्यावर निळा-हिरवा पातळ रंग सोडायचा, त्याला तो वॉश म्हणतो, आणि बघत बसायचं. रंग पसरतो, डाग पडतात, त्या डागांत त्याला झाडं दिसतात, कुणी न पाहिलेले पक्षी दिसतात. मग मला टेकवून रंग उचलायचा. उचलला तिथं धुकं. स्वतः मात्र त्याने रानात कधी पाऊल टाकलं नाही.

वारा लागला की कागद एकीकडून आधी वाळतो, रंगाला कड पडते. म्हणून आईच्या उशाची खिडकी बंद. पंखाही बंद. त्या खिडकीबाहेर एक खरं झाड होतं.

"खिडकी उघड रे जरा. झाड बघू दे."

"वॉश ओला आहे, आई. वाळला की उघडतो."

एक वाळला की दुसरा ओला. बाई उन्हाळाभर शिजत पडली.

ब्रश धुवायचा पेला तो तिच्याच स्टुलावर ठेवायचा, टेबलावर जागा नाही म्हणून. एकदा तिने पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलंच नाही, तो पेला तोंडाला लावला. ओठ हिरवे झाले. लेकाने मला घेऊन तिचं तोंड पुसलं आणि बघत बसला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

"हाच," म्हणाला. "महिनाभर हाच हिरवा शोधत होतो."

आठवड्याने ती गेली. बंद खिडकीकडे तोंड करून. टेबलावर त्याच हिरव्याचा मोठा कागद ओला होता.

लांबच्या गावाहून थोरली बहीण आली. तिने आईचं तोंड पाहिलं, उघडी गादी पाहिली आणि सरळ खिडकीची कडी काढली.

"ताई, वॉश ओला आहे."

"आई गेलीय आपली. वॉश कसला सांगतोस मला."

वाऱ्याने खिडकी परत आपटली. तेव्हा ताईने मला उचललं, पेल्यात बुचकळलं आणि ते हिरवं रान चार फटक्यांत पुसून टाकलं. तेव्हा तो रडला. आईसाठी डोळे कोरडे होते मेल्याचे.

मग ताईने खिडकी परत उघडली आणि पिळून मला तिच्या कडीतून बाजूच्या खिळ्याला बांधलं, खिडकी पुन्हा मिटू नये म्हणून.

तेव्हापासून मी इथं आहे. तो रोज गाठ सोडायला येतो. ओली आवळलेली गाठ, सुटत नाही. कात्री आणायचा धीर त्याला अजून झालेला नाही. झाड मी बघते, तिच्या वाटचं.

माझे धागे सुटत चाललेत. तुमच्या घरात कुणी खिडकी उघड म्हणालं, तर हातातलं टाकून उठा. मी काही जन्मभर धरून ठेवणार नाही.