न दिसणारा दोरा

मी एक खण बोलतोय. शिंप्याच्या टेबलाचा खण. ते टेबल आता नाही आणि तो शिंपीही नाही. मी मागच्या परसात कपडे वाळत घालायच्या खांबावर उघडा पडलोय, आणि जिथे रिळं असायची तिथे आता तांदळाची कणी आहे. खणाने बंद राहावं, ओढलं की पुढे यावं, ढकललं की मागे जावं, एवढंच त्याचं जगणं. मला उघड्यावर आणलं ते पाखरांसाठी. त्याचीच ही हकीकत.

मला ज्या सुताराने केलं तो घाईत होता. माझी एक बाजू दुसरीपेक्षा किंचित बुटकी राहिली. त्यामुळे मला सरळ ओढून चालत नसे, आधी जरा वर उचलावं लागे. ज्याला हे माहीत तो घरचा. शिंप्याच्या थोरल्या मुलाला हे कधीच जमलं नाही. तो ओढायचा, मी अडायचो, मग तो टेबलाला लाथ घालायचा. धाकट्याच्या हाताला मात्र न शिकवता कळलं होतं. तो मला असा उघडायचा की आतली बटणंसुद्धा वाजायची नाहीत.

शिंपी कमी बोलायचा. पण एक वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते माझ्या लाकडात मुरलंय. "टीप दिसली की शिंपी दिसतो. शिंपी दिसता कामा नये." भारी कापडाच्या तुरपाईसाठी तो एक पारदर्शक नायलॉनचा दोरा वापरायचा. तो माझ्या मागच्या कोपऱ्यात असायचा. उजेडात धरला तरी डोळ्यांना सापडत नसे, बोटांनाच सापडे.

थोरला हुशार होता, तो शिकायला गेला. शिंप्याची नजर अधू होत चालली होती, मशीनवर कुणीतरी बसायला हवं होतं, म्हणून धाकट्याची शाळा सुटली. तेव्हा कुणी रडलं नाही, कुणी ठरवलंही नाही. एक दिवस तो दप्तर ठेवून मशीनवर बसला आणि मग उठलाच नाही. पुढे थोरला लांबच्या शहरात साहेब झाला. थंडी सुरू झाली, कचेरीला सुट्टी लागली, की वर्षातून एकदा घरी यायचा. तो यायचा म्हणून आई आठवडाभर आधीपासून पायपुसणीसुद्धा धुवायची.

शिंपी गेला. मग एका पावसाळ्यात आई मागच्या परसात शेवाळावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा चालली नाही. तिची कॉट मागच्या खोलीत लावायची तर कापायचं मोठं टेबल आड येत होतं. धाकट्याने ते मोडलं. एकेक फळी सोडवताना तो थांबत थांबत काम करत होता. मला त्याने वेगळं काढून ठेवलं.

कॉट खिडकीला लावली होती, पण खिडकीतून बघायला काही नव्हतं. सिमेंटची टाकी, एक भिंत, पानं गाळत चाललेलं एक झाड, आणि तो खांब. आई दिवसभर पाठ करून पडायची. जेवण अर्धं राहायचं. एके सकाळी धाकट्याने मला खांबावर ठोकलं, माझ्यात मूठभर कणी टाकली, आणि मशीनवर जाऊन बसला.

पहिल्यांदा चिमण्या आल्या. आधी एक येऊन काठावर बसली, मान वाकडी करून मला वरखाली बघितलं, उडून गेली आणि सगळा गाव घेऊन परत आली. मग होले आले, जोडीनेच यायचे आणि जोडीनेच भांडायचे. कावळा उशिरा यायचा, वसुलीला आल्यासारखा. मला त्यांच्या पायांची सवय नव्हती. बटणांपेक्षा हलके, सुयांपेक्षा मऊ. खोटं का सांगू, मला आवडलं.

आई वळली. आधी मान, मग हळूहळू कुशीवर. तिने बोलायला सुरुवात केली ती शिव्यांनी. ही खादाड, ती आळशी, तो कावळा मेल्याला लाज नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू धाकट्याकडे चेन बदलायचे कपडे घेऊन यायच्या, त्या हे ऐकून हसायच्या. म्हणायच्या, तुझ्या आईला सून मिळाली नाही, चिमण्या मिळाल्या. भांडायला कुणीतरी लागतंच बाईमाणसाला.

धाकटा खाली मान घालून हसायचा. आईचं जेवण आता पुरं होत होतं. त्याला तेवढं पुरेसं होतं, असं मला वाटायचं.

मग पानं पार गळाली, सकाळी माझ्या काठावर दंव साचायला लागलं, आणि तो आला. काळी छाती, विटकरी पोट, आणि शेपटी सारखी थरथरणारी, जणू आत एक छोटं मशीन चालू आहे. लोक त्याला थिरथिरा म्हणतात. हा फक्त थंडीचा पाहुणा, उन्हाळ्यात त्याचा पत्ता नसतो. तो कणीला शिवला नाही. माझ्या काठावर ऐटीत बसला, जमिनीवरचा एक किडा उचलला, परत येऊन बसला.

आईने त्या दिवशी पहिल्यांदा धाकट्याला हाक मारली ती स्वतःच्या दुखण्यासाठी नव्हती. "अरे, ये लवकर. बघ, थोरला आला."

धाकटा आधी पुढच्या दाराकडे गेला. मग आला, आणि पाखरू बघितलं.

तेव्हापासून त्या पाखराचं नाव थोरला. आई म्हणायची, दोघं थंडीच्याच दिवसांत येतात, दोघांची चाल सारखी, दोघांना छाती पुढे काढून बसायची सवय. हळूहळू तिच्या मनाने घेतलं की हा परसात आहे तोवर तो येणार. त्या वर्षी थोरल्याचं येणं पक्कं नव्हतं. फोनवर तो बघू म्हणाला होता. फोनवर तो बरंच काही म्हणायचा. आईला उन्हात बसवत जा, मालीश करणारी बाई लाव, खोलीत हवा खेळती ठेव. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला चांगलं जमायचं. धाकटा हो दादा, हो दादा करायचा आणि फोन ठेवून आईची चादर बदलायचा.

माझ्या पोटातून रोज दाणे उचलायच्या त्या चिमण्या. दुपारी आईला करमत नसे तेव्हा तिच्यासमोर तमाशा मांडायच्या त्याही चिमण्याच. पण आई आता त्यांच्यावर खेकसायला लागली. तिचं म्हणणं, त्यांच्या गर्दीने त्याला बसायला मिळत नाही, एक दिवस कंटाळून निघून जाईल. जो माझं अन्न खात नव्हता त्याच्यासाठी ती खाणाऱ्यांना हाकलत होती. माणसांचं असंच असतं का, मला ठाऊक नाही. मी एकच घर बघितलंय.

एक दिवस तिने धाकट्याला सांगितलं, "शितं आहेत तोवर ही भुतं हलायची नाहीत. कायतरी कर. त्याला राहू दे. हा गेला तर आपला थोरलाही यायचा नाही."

धाकट्याने विचार केला तो शिंप्यासारखा. त्याने माझ्यातली कणी काढली. झाडाखालची कुजकी पानं उकरून अळ्या आणल्या आणि माझ्यात ठेवल्या. आणि माझ्यावर, या काठापासून त्या काठापर्यंत, तोच पारदर्शक दोरा ताणून बांधला, उभा आणि आडवा. कावळा, होला उतरायला गेले की पंखांना काहीतरी लागावं आणि बिचकून जावेत. मध्ये मात्र पाहुण्याच्या मापाची एक जागा मोकळी ठेवली. माप त्याने नजरेनेच घेतलं होतं आणि ते अचूक होतं. दोऱ्याच्या गाठी त्याने वडिलांच्या पद्धतीने मारल्या, ओढाल तितक्या आवळणाऱ्या. आईला बाहेर दोरा दिसत नव्हता. तिला फक्त दिसलं की चिमण्या येतात आणि घाबरून उडतात. ती खूश झाली. धाकट्याला म्हणाली, आज काहीतरी अक्कल चालवलीस. असं ती त्याला क्वचितच म्हणायची. तो दिवसभर शीळ घालत मशीन चालवत होता.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. धाकट्याला एका गिऱ्हाइकाच्या पँटी द्यायच्या होत्या, तो पुढच्या खोलीत लवकर बसला. पाहुणा आला. बरोबर मोकळ्या जागेतून आत उतरला, अळी उचलली. उडताना तो ज्या वाटेने आला त्या वाटेने गेला नाही. पाखरं तशी जात नाहीत. धाकट्यातल्या शिंप्याने मापं घेतली होती ती बसलेल्या पाखराची, उडणाऱ्याची नव्हेत.

त्याचा पाय अडकला. त्याने ओढला, गाठ आवळली. मग पंख अडकला. तो माझ्या काठावरून उलटा लटकला आणि माझ्या लाकडावर आपटत राहिला. खिडकीत आईचा चेहरा होता. ती हाका मारत होती. ती हाक मारायची तेव्हा मशीन धडधडत असायचं, आणि मशीन थांबायचं तेव्हा ती दम घेत असायची. तिने पाण्याचं भांडं कॉटच्या दांडीवर वाजवलं. पाखरू माझ्यावर आपटत होतं, भांडं दांडीवर, आणि पुढच्या खोलीत पँटींना न दिसणारी तुरपाई होत होती.

धाकटा चहा घेऊन आला तेव्हा सगळं शांत झालं होतं. तो अनवाणीच बाहेर धावला. कात्रीने दोरा कापला आणि पाखरू ओंजळीत धरून खिडकीशी उभा राहिला. शेपटी थरथरत नव्हती.

आई म्हणाली, "तुला तो नकोच होता."

कुठला, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. धाकटा म्हणू शकला असता की तूच सांगितलंस. म्हणू शकला असता की तुझ्यासाठी केलं. त्याने झाडाखाली खड्डा केला, माझ्यावरचा उरलेला दोरा कापून काढला, मला धुतलं, आणि माझ्यात पुन्हा कणी टाकली. आत आईने पडदा ओढून घेतला होता.

थोरला आला, पाखरू नसतानाही आला. एका रात्रीपुरता. जाड ब्लँकेट आणलं होतं, खुर्ची ओढून आईजवळ बसला, तिचा हात हातात घेतला. आईने त्याच्यासाठी पडदा उघडायला लावला, उजेडात त्याला बघायचं होतं. त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. हे डबडं कशाला टांगलंय, उंदीर होतील, असं तो म्हणाला. त्याने मला ओळखलं नाही. मी मात्र त्याच्या पायावरूनही त्याला ओळखलं असतं.

आईने त्याला सगळं सांगितलं. पाहुणा कसा यायचा, त्याला तिने काय नाव दिलं होतं, धाकट्याने त्याचं काय केलं. धाकटा दारात उभा होता, हातात पाण्याचा तांब्या.

थोरला हसला. "अगं आई, पाखरू तर होतं. त्यात काय एवढं?" आणि त्याचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला.

मी खिडकीतून आईचा चेहरा बघितला. त्या सकाळी मशीनच्या आवाजाशी झगडताना होता त्याहून तो म्हातारा दिसत होता. ती धाकट्याकडे बघत होती. काहीतरी बोलेल असं वाटलं. तिने फक्त तांब्यासाठी हात पुढे केला.

थोरला गेल्यावर पडदा उघडाच राहिला. एक दोन दिवसांनी आईने विचारलं, "चिमण्या दिसत नाहीत रे?"

"येतील," धाकटा म्हणाला.

त्या आल्या नाहीत. माझ्या काठावर एकाला लटकताना त्यांनी बघितलं होतं. होले आले नाहीत, कावळासुद्धा आला नाही. इस्त्रीवाल्या काकूंच्या पत्र्यावर त्यांचा बाजार भरतो, भिंतीपलीकडून ऐकू येतो. आई ऐकते. ज्यांना तिने हाकललं त्यांचा आवाज येतो, आणि ज्याला धरून ठेवायचं होतं तो झाडाखाली आहे.

धाकट्याने मशीन मागच्या खोलीत आणून ठेवलं आहे. आता आईने कुजबुजून हाक मारली तरी त्याला ऐकू जाते. ती फारशी मारत नाही. तो शिवतो, ती खिडकीतून मला बघते. बघण्यासारखं माझ्यात काही नाही. माझा तळ फुगलाय, बुटकी बाजू सांध्यातून सुटत आलीय. रोजची कणी तशीच राहते, ओली होते, आंबते, तो खरवडून नवी टाकतो. कोपऱ्यातल्या भेगेत कुठलासा दाणा अडकून उगवलाय, त्याची एक हिरवी काडी उभी आहे. थंडी संपत आली.

काल आईने झोपेतून उठून विचारलं, "आली होती का रे एखादी?"

धाकट्याने सुईवरून नजर काढली नाही. "सकाळी आल्या होत्या की. चार-पाच. तू झोपली होतीस."

"उठवायचंस."

"उद्या उठवतो."

ती समाधानाने पडून राहिली. आज सकाळी मात्र ती लवकर जागी झाली. उशीला टेकून बसली आहे, मला बघते आहे. धाकट्याने आज मशीन सुरूच केलेलं नाही. सुई हातात धरून तोही खिडकीकडे बघतो आहे.

कोणी आलं नव्हतं, हे मला माहीत आहे. लाकडाला तोंड नसतं म्हणून धाकट्याचं निभावलं. पण चिमण्यांनो, तुम्हाला कान आहेत. माझ्यावर आता दोरा नाही, हवं तर चोचीने चाचपून बघा. माझ्यासाठी येऊ नका. मी आज ना उद्या चुलीत जाणारच आहे. त्या म्हातारीसाठीही नको, तिने तुम्हाला हाकललं होतं. पण त्या पोराने आयुष्यात एकच खोटं शिवलंय, आणि ती टीप उघड्यावर आहे. ती दिसायच्या आत, बायांनो, एकदा येऊन जा.